कॅम्पर व्हॅनमध्ये पॅनेलमागे वारंवार येणारा ओलावा : पाणी कुठून येते ते ओळखणे आणि काम नव्याने करणे

ट्रॅव्हलर, विंगर किंवा तत्सम पत्र्याची गाडी घेऊन तिच्यात पलंग, ओटा आणि कपाटे बसवून घेतलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. पहिल्या पावसाळ्यात छताच्या कडेला तपकिरी डाग दिसतो, म्हणून बाहेरून सिलिकॉन भरले जाते. डिसेंबरात महाबळेश्वरला मुक्काम केला की पाऊस नसतानाही सकाळी छताला थेंब लोंबत असतात, म्हणून आणखी सिलिकॉन भरले जाते. मे महिन्यात कोकणात एसी लावून काही रात्री काढल्या की भिंतीच्या प्लायचा खालचा वीतभर भाग फुगतो, सनमायकाची कड सुटते आणि कपाट उघडताच कुबट वास येतो. मग सगळे काम उखडून तसेच पुन्हा केले जाते आणि पुढच्या वर्षी तोच क्रम सुरू होतो.

हा त्रास हटत नाही, कारण वरच्या तिन्ही प्रसंगांतले पाणी वेगवेगळ्या वाटेने आलेले असते. पहिले पावसाचे, दुसरे आत झोपलेल्यांच्या श्वासाचे आणि स्वयंपाकाच्या वाफेचे, तर तिसरे बाहेरच्या दमट हवेतून थंड पृष्ठभागावर साचलेले असते. सिलिकॉनने यांपैकी फार तर पहिले थांबते. म्हणून पॅनेलला, म्हणजे पत्र्याच्या आतून बसवलेल्या प्लायच्या अस्तराला, हात लावण्याआधी पाणी कुठले आहे हे ठरवणे आवश्यक आहे, आणि ते काम साध्या साधनांनी घरच्या घरी होते.

आधी निदान

ओलावा कधी दिसतो याची नोंद ठेवणे हा निदानाचा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. गाडी रिकामी उभी असताना पावसानंतर ओल आली तर ती गळती. पाऊस नसताना, माणसे रात्रभर झोपल्यावर पहाटे ओल आली आणि दुपारी वाळली तर ती आतली वाफ. एसी चालवल्यानंतर, विशेषतः समुद्राकाठी, पॅनेलचा दर्शनी भाग कोरडा असूनही खालची कड फुगत असेल तर पाणी पॅनेलच्या मागच्या बाजूला साचत आहे. एकाच गाडीत तिन्ही प्रकार असू शकतात, त्यामुळे एक सापडला म्हणून शोध थांबवू नये.

नोंदीच्या जोडीला दोन स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक घ्यावेत, एक खोलीसाठी, म्हणजे गाडीच्या आतल्या राहण्याच्या जागेसाठी, आणि एक पॅनेलच्या मागे ठेवण्यासाठी. त्यांवर तापमान आणि सापेक्ष आर्द्रता दिसते. त्यावरून दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊ लागते ते तापमान, तोंडी काढता येतो : आर्द्रता १०० टक्क्यांपेक्षा जितकी कमी असेल तिला पाचने भागावे आणि येणारा आकडा तापमानातून वजा करावा. हवा २४ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ३० भागिले ५ म्हणजे ६, आणि २४ उणे ६ म्हणजे दवबिंदू सुमारे १८ अंश. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असताना हा हिशेब पुरेसा अचूक असतो. ज्या पृष्ठभागाचे तापमान या आकड्याखाली जाईल त्यावर पाणी धरणारच, मग तो पृष्ठभाग पत्र्याचा असो, काचेचा असो की स्क्रूच्या डोक्याचा.

स्क्रूचा उल्लेख मुद्दाम केला आहे. छताच्या पॅनेलवर ठरावीक अंतराने, एका रेषेत थेंब दिसत असतील तर अनेक कारागीर छताला बारीक छिद्रे पडली आहेत असा निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षात पॅनेलचे स्क्रू थेट छताच्या पोलादी आडव्या पट्टीत घुसलेले असतात. पोलाद लाकडाच्या कित्येक पटींनी उष्णता वाहते, त्यामुळे प्रत्येक स्क्रूचे डोके बाहेरच्या पत्र्याइतके थंड होते आणि खोलीतली वाफ आधी तिथेच धरते. थेंबांची रांग आणि स्क्रूंची रांग एकच आहे का, हे पाहिले तर छतावर निष्कारण डांबर किंवा सिलिकॉन फासण्याची वेळ येत नाही.

पावसाचे पाणी

गळती शोधताना पाणी जिथे टपकते तिथे भोक असेल असे गृहीत धरू नये. छताच्या आतल्या पट्ट्यांवरून पाणी बरेच अंतर वाहते आणि गाडी ज्या बाजूला कललेली असेल त्या टोकाला खाली उतरते. म्हणून तपासणी दोनदा, गाडी वेगवेगळ्या बाजूंना किंचित कलती उभी करून करावी. संशयित भागातले पॅनेल काढावे, आतला पत्रा पुसून कोरडा करावा आणि त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड हलक्या हाताने लावावी. एकाने आत विजेरी घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने पाणी सोडावे. सुरुवात खालून करावी : आधी दाराचे रबर, मग खिडक्या, मग पन्हळीचा जोड आणि शेवटी छत. प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केल्यास पाणी सगळीकडून खाली येते आणि कोणता जोड फुटला ते कळत नाही. धुण्याच्या केंद्रातला दाबाचा फवारा वापरू नये, कारण तो चांगल्या रबराच्या आतही पाणी ढकलतो आणि नसलेली गळती दाखवतो.

बहुतेक वेळा दोषी जागा नंतर पाडलेली असते : छतावरच्या पंख्याचा चौकोन, सोलर पॅनेलच्या पायांचे बोल्ट, कॅरिअरचे बोल्ट, वायर आत घेतलेले भोक. इथे आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये. वाळताना त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटते आणि कापलेल्या पत्र्याच्या उघड्या कडेला त्यामुळे गंज चढतो. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पुढे रंग किंवा दुसरे सीलंट धरत नाही. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडावे, कड घासून प्रायमर आणि रंग द्यावा, चौकटीखाली ब्युटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घालावी आणि बाहेरच्या कडेला पॉलियुरेथेन सीलंट द्यावे. बोल्ट एकदम करकचून आवळल्यास सगळा मसाला बाहेर निघून जातो. तो थोडा जाड राहील इतकेच आवळावे. छताला नवे भोक पाडायचे असेल तर आधी आरटीओकडे विचारणा करावी, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळे होतील अशा बदलांवर निर्बंध आहे.

गळतीबद्दल एवढे पुरे आहे. चिकाटीने शोधल्यास ती सापडते आणि एकदा नीट बुजवली की बुजते. पुढचे दोन प्रकार मात्र कधीच बुजवता येत नाहीत. त्यांची व्यवस्था करावी लागते.

श्वासाचे आणि स्वयंपाकाचे पाणी

मध्यम आकाराच्या व्हॅनमध्ये पलंग-कपाटे वगळून साधारण १२ घनमीटर हवा असते असे धरू. १५ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १३ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, म्हणजे सगळ्या व्हॅनमध्ये मिळून दीडशे ग्रॅमच्या थोडी पुढे. दोन माणसे आठ तास झोपली तर त्यांच्या श्वासातून आणि त्वचेवाटे साधारण अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी हवेत जाते. खिडक्या बंद असतील तर हवेत न मावणारे सगळे पाणी काचेवर, पत्र्यावर आणि गादीखाली बसणार, यात बांधकामाचा काही दोष नाही. त्यात रात्री आत स्वयंपाक झाला तर भर पडते. एलपीजी जळताना स्वतःच पाणी तयार होते : १०० ग्रॅम गॅस जळला की सुमारे १६० ग्रॅम वाफ हवेत येते, आणि भाताची किंवा चहाची वाफ त्याखेरीज. इंडक्शन शेगडीमुळे ज्वलनाचे पाणी वाचते, भांड्यातले वाचत नाही.

निरभ्र हिवाळी रात्री छताचा पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. म्हणूनच महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसू शकतात. अशा छताच्या आतल्या बाजूला खोलीतली उबदार, दमट हवा पोहोचली की पाणी धरते. प्लायच्या सांध्यांतून, दिव्यांच्या भोकांतून आणि वायरच्या वाटेने ती हवा सहज पोहोचते.

यावरचा पहिला उपाय हवा बदलणे हाच आहे. छतातला पंखा हवा बाहेर फेकेल असा चालवावा आणि त्याच्या विरुद्ध टोकाची खिडकी खालच्या बाजूला बोटभर उघडी ठेवावी. नुसता पंखा लावून सर्व खिडक्या बंद ठेवल्यास तो हवा ओढणार तरी कुठून? थंडीमुळे खिडकी उघडणे जिवावर येते हे खरे, पण रजई वाढवणे सोपे असते आणि पॅनेल वाळवणे कठीण. गॅसची शेगडी आत पेटवत असाल तर हा वायुवीजनाचा नियम जिवाच्या सुरक्षिततेसाठीही पाळायचा आहे, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो.

सिलिका जेलच्या पिशव्या आणि ओल शोषणारे डबे यांवर भिस्त ठेवू नये. एक किलो सिलिका जेल फार तर त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या थोडे पुढे पाणी घेते. एका रात्रीच्या ओलीपुढे ते अपुरे आहे. कॅमेऱ्याच्या किंवा कागदपत्रांच्या बंद कप्प्यात मात्र ते खरोखर उपयोगी पडते.

आंबोलीसारख्या ठिकाणी जुलै महिन्यात बाहेरची हवाच ९५ टक्क्यांच्या पुढे असते, तेव्हा हवा बदलून गाडी कोरडी होणार नाही. तरीही पंखा चालू ठेवावा, म्हणजे आतला दवबिंदू निदान बाहेरच्याइतकाच राहतो. प्रवास सुरू असताना एसी आणि हीटर एकत्र चालवल्यास एसीच्या थंड कॉइलवर पाणी निघून जाते आणि परत गरम झालेली हवा आतल्या वस्तू वाळवते. धुक्यात काच साफ करण्यासाठी चालक जे करतात तेच इथे थोडा अधिक वेळ करायचे आहे.

एसीमुळे उलट्या दिशेने येणारे पाणी

हा प्रकार आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान करतो आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. कॅम्पर बांधणीची बरीचशी माहिती युरोप-अमेरिकेतल्या थंड प्रदेशांतून येते. तिथे आत ऊब आणि बाहेर गारठा असतो, म्हणून वाफ आतून बाहेर जाते आणि तिला अडवण्यासाठी पॅनेलच्या लगेच मागे प्लास्टिकचा अखंड पडदा लावण्याचा सल्ला दिला जातो. तारकर्लीला किंवा गुहागरला मे महिन्यात हे सगळे उलटे होते. बाहेर ३१ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. आत एसी २३ अंशांवर असेल तर प्लाय आणि त्यामागचे प्लास्टिक साधारण त्याच तापमानाला असतात, म्हणजे दवबिंदूच्या खाली. व्हॅनच्या दुहेरी पत्र्यातली पोकळी दारांखालच्या आणि तळाच्या छिद्रांतून बाहेरच्या हवेला जोडलेली असते. ती दमट हवा पोकळीत भरलेल्या ग्लासवूलमधून, म्हणजे काचतंतूंच्या उष्णतारोधक थरातून, प्लास्टिकपर्यंत पोहोचते, तिथे पाणी होते आणि प्लास्टिकवरून ओघळत तळाशी जाते. खोलीच्या बाजूने प्लाय कोरडा दिसतो. त्याची खालची कड मात्र त्या पाण्यात उभी असते. फुगण्याची सुरुवात खालून होते ती यामुळे.

खात्री करण्यासाठी एसी तीन-चार तास चालल्यावर भिंतीचे एक पॅनेल काढून प्लास्टिकची दोन्ही अंगे हाताने चाचपावीत. पत्र्याकडचे अंग ओले आणि खोलीकडचे कोरडे असेल तर निदान पक्के झाले. पॅनेलमागे ठेवलेला आर्द्रतामापकही अशा वेळी खोलीपेक्षा कितीतरी जास्त आकडा दाखवतो.

जी गाडी डिसेंबरात महाबळेश्वरला आणि मे महिन्यात तारकर्लीला जाणार आहे, तिच्यात वाफेची दिशा ऋतूप्रमाणे बदलणार. पडदा कोणत्याही एका बाजूला लावला तरी अर्धे वर्ष तो चुकीच्या बाजूला असेल. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की महाराष्ट्रात वापरायच्या व्हॅनमध्ये सुटा प्लास्टिकचा पडदा लावूच नये, आणि ग्लासवूल किंवा पाणी धरून ठेवणारा कोणताही तंतुमय थर पत्र्यामागे घालू नये. त्याऐवजी वाफेला आत शिरू न देणारे बंद पेशींचे (ज्यातले बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात असे) इन्सुलेशन, म्हणजे उष्णतारोधक थर, पत्र्यालाच अखंड चिकटवावे. मग पत्रा आणि इन्सुलेशन यांच्यामध्ये हवाच उरत नाही, आणि जिथे हवा नाही तिथे वाफ कोणत्याही दिशेने आली तरी साचत नाही.

पुन्हा काम करताना

एसीच्या डक्टवर लावतात ती काळी नायट्राइल रबराची शीट यासाठी चांगली आहे आणि ती बहुतेक मोठ्या शहरांत एसीच्या सामानाच्या दुकानांत मिळते. सपाट भागावर १९ किंवा २५ मि.मी. आणि वळणांवर पातळ शीट सोयीची पडते. पत्रा पूर्ण वाळवावा. पॅनेल काढून, दारे उघडी ठेवून, कोरड्या हवामानात अनेक दिवस. गंज असेल तिथे तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक द्रावण, मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग द्यावा. शीटच्या आणि पत्र्याच्या दोन्ही अंगांना चिकटद्रव्य लावून, मध्यापासून कडेकडे दाबत, हवेचा फुगा न ठेवता ती बसवावी आणि सांध्यांवर त्याच जातीची टेप मारावी. थर्माकोलचे ताव मधल्या चौकोनांत नुसते अडकवून ठेवण्याची पद्धत टाळावी, कारण त्यांच्यामागे हवेची पोकळी राहते आणि पाणी नेमके तिथे धरते.

पोलादी पट्ट्या उघड्या ठेवू नयेत. त्यांच्यावरही पातळ शीट गुंडाळावी आणि पॅनेलसाठी लाकडी पट्टी बसवताना पोलाद आणि लाकूड यांच्यामध्ये फोमची टेप घालावी. पॅनेलचे स्क्रू लाकडी पट्टीतच थांबतील इतक्या लांबीचे असावेत. स्क्रूंच्या रांगेतले थेंब मग दिसत नाहीत. पट्ट्यांच्या आतल्या पोकळ्या फोमने भरू नयेत. डब्यातला फुगणारा फोम तर मुळीच वापरू नये : तो पत्रा वाकवू शकतो, तळाची निचऱ्याची छिद्रे बुजवतो आणि मागे गंज चढला तरी पाहण्याची सोय ठेवत नाही. त्या पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंजरोधक मेण, फवारून घेणे योग्य, आणि नंतर सगळी निचऱ्याची छिद्रे तारेने मोकळी आहेत का ते पाहावे.

प्लाय घेताना आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय आणि आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) प्लाय यांतला फरक दुकानदाराकडून ताव उलटून, शिक्का पाहून समजून घ्यावा. भिंतीला आणि जमिनीला मरीन प्लायच वापरावा. तरीही कापलेली कड ही प्लायची सर्वांत दुबळी जागा असते. प्रत्येक कडेला आणि स्क्रूच्या भोकाला इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन लाखेचे दोन हात द्यावेत. भिंतीचे पॅनेल जमिनीला टेकवू नये, खाली बोटभर फट ठेवून ती निघू शकणाऱ्या पट्टीने झाकावी. सुतार रिव्हेट आणि चिकटद्रव्याने पॅनेल कायमचे बसवायला निघतात, कारण ते लवकर होते आणि खडखडत नाही. तिथे ठाम राहून प्रत्येक पॅनेल स्क्रूने उघडता येईल असे करून घ्यावे. इन्सुलेशन झाल्यावर आणि पॅनेल बसवण्याआधी शक्य असेल तर एक जोरदार पाऊस आणि आत झोपून काढलेली एक रात्र जाऊ द्यावी. त्या काळात दिसलेला दोष दुरुस्त करायला मिनिटे लागतात, नंतर दिवस लागतात.

पलंगाचा वेगळा विचार करावा लागतो. सलग प्लायच्या पेटीवर ठेवलेल्या गादीखाली बुरशी येते, कारण अंगाच्या उबेने वाफ गादीतून खाली जाते आणि थंड प्लायवर थांबते. प्लायला चार भोके पाडून हे सुटत नाही. लाकडी पाट्यांचा पलंग करावा, किंवा प्लायवर दोन-तीन सेंटिमीटर उंचीचा जाळीदार थर घालून त्यावर गादी ठेवावी, आणि पेटीच्या दोन्ही टोकांना हवा खेळेल अशी जाळी बसवावी. कपाटे बाहेरच्या भिंतीला चिकटवून न करता मागे दोन सेंटिमीटर जागा सोडावी आणि वर-खाली छिद्रे ठेवावीत.

एवढे करूनही ओल राहिली तर गाडीच्या आतल्याच पाण्याकडे वळावे. नळ बंद असताना पाण्याचा पंप रात्री मध्येच क्षणभर चालू होत असेल तर कुठला तरी जोड पाझरतो आहे; टाकी, पंप आणि सिंकखालच्या प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर बांधून सकाळी पाहावे. एसीची निचरा नळी गाडी एका बाजूला कलती उभी असताना उलट्या उताराची होते आणि एसीच्या आतल्या ताटात जमलेले पाणी गाडीत सांडते, म्हणून मुक्कामाला गाडी नळीच्या बाजूला किंचित उतरती लावावी. चालकाच्या किंवा शेजारच्या पायाखालची चटईच फक्त ओली असेल तर मागचे काम उघडू नये : समोरच्या काचेखालच्या जाळीत पाला साचून तिथला निचरा तुंबलेला असतो, किंवा डॅशबोर्डमागच्या एसीची नळी बुजलेली असते, आणि ही दोन्ही कामे कोणत्याही साध्या गॅरेजमध्ये होतात.